अहवालात काही नाही

आमच्या घरातील लोखंडी कपाटात, आईच्या साड्यांच्या खाली, एक मोठे तपकिरी पाकीट कित्येक वर्षे पडून होते. १९९८ साली पुण्यात काढलेल्या माझ्या थोरल्या भावाच्या मेंदूच्या एमआरआय फिल्म त्यात होत्या. दादाच्या आजाराला तेव्हा दहा वर्षे झाली होती. स्किझोफ्रेनिया हे निदान केव्हाच झालेले होते. पण मध्यंतरी तो दोनदा चक्कर येऊन पडला, तेव्हा मेंदूत गाठ वगैरे नाही ना, एवढी खात्री करून घ्यावी म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी लिहून दिली. अहवालाच्या शेवटच्या ओळीचा अर्थ एवढाच होता, की मेंदूत कोणताही दोष आढळला नाही. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. काळजीचं काही कारण नाही." बाहेरच्या बाकावर येऊन बसल्यावर आईने मला विचारले, "म्हणजे त्याच्या मेंदूला काही झालेलंच नाही का गं?"

अहवाल चांगला यावा म्हणून माणसे देव पाण्यात घालून बसतात. आईच्या आवाजात मात्र सुटकेपेक्षा निराशाच अधिक होती. ती का होती हे समजायला मला बराच काळ लागला. त्या निमित्ताने जे वाचन घडले, त्याविषयी आज लिहावेसे वाटते. मी डॉक्टर नाही. मराठी शिकवण्यात माझी नोकरी गेली. तेव्हा हे एका बहिणीने केलेले वाचन आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दादा १९८८ साली आजारी पडला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता, विसावे संपत आले होते. आधी तो अबोल झाला, मग खोलीच्या झरोक्यांवर वर्तमानपत्रे चिकटवू लागला. आपल्या मनातले विचार आकाशवाणीवरून वाचून दाखवले जातात, असे त्याने मला एके दिवशी अगदी शांतपणे सांगितले. त्यानंतरच्या वर्षभरात नातेवाइकांनी जी कारणे शोधली ती अशा घरांना तोंडपाठ असतील. कोणी म्हणाले बाहेरची बाधा आहे, कोणी म्हणाले अभ्यासाचा ताण. आत्याचे मत होते की आईने त्याला लाडावून ठेवले. गंमत म्हणजे, ज्या पहिल्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो, त्यांनी आईला नेमके उलटे विचारले: लहानपणी मुलाला पुरेशी माया मिळाली होती ना? त्या प्रश्नामागे एक जुना सिद्धान्त उभा होता, हे मला पुढे कळले. फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक बाईंनी १९४८ साली असे मांडले होते की आईचे थंड, दुरावलेले आणि तरीही सत्ता गाजवणारे वागणे हे या आजाराच्या मुळाशी असते. पुढची दोनतीन दशके या विचाराचा मोठा पगडा होता. तो सोडून दिला गेला तरी त्याचे पडसाद आमच्या जिल्ह्याच्या गावापर्यंत, अगदी १९८८ सालापर्यंत पोचत होते. लाड केले म्हणूनही आई दोषी आणि केले नाहीत म्हणूनही तीच दोषी.

आईचे स्वतःचे असे आणखी एक कारण होते. ते ती फारसे बोलून दाखवत नसे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती पाटणला होती आणि तिला तिसरा महिना चालू होता. घराची मागची भिंत कोसळली. पुढचे कित्येक दिवस सगळ्यांनी उघड्यावर, थंडीत काढले. जमीन पुनःपुन्हा हादरत होती. दादाचा जन्म १९६८ च्या जूनमधला. "पोटात होता तेव्हाच घाबरलाय तो," असे ती एकदोनदा म्हणाली होती. आम्ही ते हसण्यावारी नेले.

अशा बाईला मेंदूत काहीतरी सापडायला हवे होते. सापडले असते तर ते चित्र तिला आत्याच्या आणि त्या पहिल्या डॉक्टरांच्या समोर धरता आले असते.

वास्तविक स्किझोफ्रेनिया हा मेंदूचा आजार आहे, ही कल्पना आईला दोष देणाऱ्या सिद्धान्ताहून जुनी आहे. एमिल क्रेपलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले तेव्हा मेंदूत बिघाड असणार, हे त्यांनी गृहीतच धरले होते. म्युनिकला त्यांच्या हाताखाली आलोइस अल्झायमर यांच्यासारखा सूक्ष्मदर्शकावरचा निष्णात माणूस होता. स्मृतिभ्रंशाच्या ज्या आजाराला पुढे अल्झायमरांचे नाव मिळाले, त्यात त्यांना मेंदूतील बदल स्वच्छ दिसले. स्किझोफ्रेनियात मात्र कोणालाच ठामपणे बोट ठेवता येईना. हा आजार म्हणजे मेंदूविकृती शोधणाऱ्यांचे स्मशान आहे, असे १९७२ सालीही म्हटले जात होते.

तत्पूर्वी १९२७ साली जर्मनीत एक प्रयत्न झाला होता. आपल्या मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. कण्यातून तो द्रव काढून त्याजागी हवा भरायची आणि मग क्ष-किरणांनी चित्र घ्यायचे, अशी एक अतिशय वेदनादायक पद्धत तेव्हा वापरात होती. त्या चित्रांत काही रुग्णांच्या पोकळ्या मोठ्या दिसल्या. पण केवळ तुलनेसाठी निरोगी माणसाला अशा यातना देणार कोण? त्यामुळे या निष्कर्षावर कोणी फारसे विसंबले नाही. ही अडचण सीटी स्कॅनमुळे दूर झाली. १९७१ साली पहिल्या रुग्णावर वापरलेल्या या यंत्राच्या मदतीने ईव्ह जॉन्स्टन, टिमोथी क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क येथे, वर्षानुवर्षे रुग्णालयात राहिलेल्या १७ जणांचे मेंदू तपासले. निरोगी माणसांच्या तुलनेत त्यांच्या पोकळ्या मोठ्या होत्या. 'लॅन्सेट'मध्ये १९७६ साली आलेला हा छोटासा लेख या विषयातला मैलाचा दगड मानला जातो. पोकळी मोठी याचा अर्थ भोवतालचा मेंदू तेवढा कमी.

मला स्वतःला हलवून सोडले ते १९९० सालच्या एका अभ्यासाने. अमेरिकेत रिचर्ड सडॅथ, फुलर टॉरी, डॅनियल वाइनबर्गर आदींनी एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडीत एकाला स्किझोफ्रेनिया होता, दुसऱ्याला नव्हता. (एकसारख्या जुळ्यांतही एकाला हा आजार झाल्यास दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच असते, म्हणून अशा जोड्या सापडतात.) दोघांचेही एमआरआय काढले. मग त्या चित्रांवरून, कोण आजारी आहे हे न सांगता, आजारी भावंड ओळखायला सांगितले. १५ पैकी १२ जोड्यांत ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता आले. दोन जोड्यांत फरकच दिसेना आणि एका जोडीत निरोगी भावंडालाच आजारी ठरवले गेले. मोजमाप केल्यावर असे दिसले की १५ पैकी १४ आजारी भावंडांचा डाव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस निरोगी भावंडाच्या मानाने लहान होता. कानशिलाच्या आतल्या बाजूचा हा भाग स्मृतीच्या कामात महत्त्वाचा असतो. तुलनेसाठी घेतलेल्या, दोघेही निरोगी असलेल्या सात जोड्यांत असा फरक नव्हता.

हे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसले होते. एकच आई, एकच गर्भ, एकच घर, आनुवंशिक वारसाही एकच. आणि तरीही चित्रात फरक. आईला नेमके हेच हवे होते! मग दादाच्या फिल्ममध्ये तो का नव्हता?

याचे उत्तर याच अभ्यासात आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आले. यातल्या बऱ्याच आजारी भावंडांचा मेंदू एकटा पाहिला असता तर कोणाही तपासनिसाने तो सामान्य म्हणूनच नोंदवला असता. फरक दिसला तो शेजारी जुळ्याचे चित्र ठेवल्यामुळे. दादाला जुळा भाऊ नाही. आजारी न पडलेला दादा कुठेतरी असता आणि त्याची फिल्म या फिल्मशेजारी धरता आली असती, तर कदाचित काही दिसले असते.

पुढे हे संशोधन फार मोठ्या प्रमाणावर झाले. 'एनिग्मा' या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ साली २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी व्यक्ती यांच्या मेंदूंची तुलना प्रसिद्ध केली. सर्वांत ठळक घट हिप्पोकॅम्पसमध्ये आढळली. पोकळ्या मोठ्या असणे हेही पुन्हा सिद्ध झाले. २०१८ सालच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात मेंदूचा बाहेरचा करडा थर रुग्णांमध्ये पातळ असल्याचे, आणि कपाळामागच्या व कानशिलाच्या भागांत तो अधिक पातळ असल्याचे दिसले. फरक आहे की नाही, हा वाद आता उरलेला नाही.

परंतु हा फरक केवढा? हिप्पोकॅम्पसचा सर्वांत ठळक आकडा घेऊन ढोबळ हिशेब केला तर तो असा होतो: दहा रुग्ण घेतले तर सुमारे सात जणांचा हिप्पोकॅम्पस निरोगी माणसांच्या सरासरीहून लहान निघेल आणि तिघांचा मोठा. दहा निरोगी माणसे घेतली तर पाच जणांचा लहान, पाच जणांचा मोठा. म्हणजे दोन्ही गट एकमेकांत बहुतांशी मिसळलेले आहेत. एखादी फिल्म हातात घेऊन हा माणूस कोणत्या गटातला, हे सांगता येत नाही. म्हणूनच स्किझोफ्रेनियाचे निदान आजही बोलण्यातून, वागण्यातून आणि घरच्यांनी सांगितलेल्या हकिकतीतून केले जाते. स्कॅन काढतात तो दुसरे काही नाही ना, हे पाहायला. दादाच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आम्ही खेटे घालत होतो तेव्हा खिडकीतल्या माणसाने विचारले होते, "स्कॅनमध्ये काय आलंय?" काही आले नाही म्हटल्यावर त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेली नाही. प्रत्यक्षात त्या दाखल्यासाठी मोजल्या जातात त्या साध्या गोष्टी: माणूस स्वतःची निगा राखतो का, नाती सांभाळतो का, त्याला इतरांशी नीट संवाद साधता येतो का, काम करू शकतो का.

आता एका अवघड भागाकडे वळते. आमच्या घरात गोळ्या देण्याचे काम माझे होते. आधी हॅलोपेरिडॉल होते, पुढे ओलान्झापिन आले. २०११ साली आयोवा विद्यापीठातील बेंग-चून हो आणि नॅन्सी अँड्रिअसन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २११ रुग्णांचे सरासरी सात वर्षे पुनःपुन्हा एमआरआय काढून त्यांनी असे दाखवले, की ज्यांना औषधांची मात्रा अधिक मिळाली त्यांच्यात मेंदूची घटही अधिक होती. आजाराची तीव्रता हिशेबात घेऊनही हा संबंध उरत होता. त्याआधी २००५ साली माकडांवरचा एक प्रयोग आला होता. दीड-दोन वर्षे औषध दिल्यावर माकडांच्या मेंदूचे वजन आठ ते अकरा टक्क्यांनी कमी भरले होते. आणि औषधे कोणती? हॅलोपेरिडॉल आणि ओलान्झापिन.

अँड्रिअसन बाईंची हकिकत मला विशेष जवळची वाटते, कारण त्या मुळात इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापक. जॉन डन या कवीवर पुस्तक लिहून मग त्या वैद्यकाकडे वळल्या. औषधांविषयीचा हा निष्कर्ष हाती आल्यावर त्यांनी तो दोनेक वर्षे छापला नव्हता, असे त्यांनी २००८ साली एका मुलाखतीत सांगितले. पूर्ण खात्री करून घ्यायची होती हे एक; आणि ज्यांना औषधाची खरी गरज आहे ते हे वाचून औषध बंद करतील, ही धास्ती होती.

मी ते वाचले त्या रात्री गोळ्यांची डबी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते. दुसऱ्या बाजूचा पुरावाही मला ठाऊक होता. मनोविकारावरची ही औषधे १९५२ नंतरची. मोठ्या पोकळ्या १९२७ सालीच दिसल्या होत्या. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या, औषध नुकतेच सुरू झालेल्या किंवा सुरूही न झालेल्या रुग्णांतही फरक आढळतात. पुढे २०१३ साली अँड्रिअसन यांच्याच गटाने दाखवले की आजार उलटून जितका जास्त काळ टिकतो तितकी मेंदूची घटही जास्त होते. पण हे सगळे जाणूनही हात थांबला होता. शेवटी मी दादालाच विचारले. लपवाछपवी न करता, सोप्या शब्दांत, दोन्ही बाजू सांगितल्या. त्याने नीट ऐकून घेतले आणि म्हणाला, "गोळी घेतली की आवाज लांब जातात. शेजारच्या घरात बोलल्यासारखे. मला तेवढं पुरे आहे." पुढच्या खेपेस तो स्वतः डॉक्टरांशी बोलला आणि मात्रा थोडी कमी झाली. मेंदू त्याचा, निर्णयही त्याचाच असायला हवा, हे मला तेवीस वर्षांनी सुचले याची लाज वाटते.

दादाला सांगितले तसे आईला मात्र सांगू शकले नाही. तो विषय निराळा होता.

मेंदूतील फरक कधी निर्माण होतात, याविषयी १९८७ साली वाइनबर्गर यांनी, आणि इंग्लंडमध्ये रॉबिन मरे व शॉन लुईस यांनी, एक विचार मांडला. मेंदूच्या पेशी आजाराने मरत गेल्या की तिथे व्रणासारख्या खुणा राहतात. स्किझोफ्रेनियात त्या सहसा सापडत नाहीत. त्यावरून मुळातली गडबड फार आधी, मेंदू घडत असतानाच, कदाचित गर्भातच झालेली असावी आणि तारुण्यात ती प्रकट होत असावी, असा हा तर्क आहे. मग लोकांनी गर्भारपणातील संकटांचा मागोवा घेतला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला होता. त्याच्या ऐन भरात ज्यांची गर्भधारणा झाली त्यांच्यात हा आजार जवळजवळ दुप्पट आढळला. मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या तेव्हा गर्भात असलेल्यांतही प्रमाण थोडे वाढलेले दिसले. जून १९६७ च्या युद्धात जेरुसलेममध्ये ज्या स्त्रियांना दुसरा महिना होता, त्यांच्या मुलांतही तसेच.

जून १९६७. कोयनेचा भूकंप त्याच वर्षीच्या डिसेंबरातला.

ज्या शास्त्राने आईला वाढवण्याच्या आरोपातून सोडवले, त्याच शास्त्राने तिला पुन्हा पाटणच्या त्या पहाटेपाशी नेऊन उभे केले होते. 'देवराई' चित्रपट २००४ साली आल्यावर आमच्याकडे या आजाराचे नाव निदान उच्चारले जाऊ लागले. तेव्हापासून मी आईला ठासून सांगत आले होते, की हा मेंदूचा आजार आहे, यात कोणाचा दोष नाही. २०१५ च्या सुमारास एकदा भाजी निवडता निवडता तिने विचारले, "अगं, तू एवढं वाचतेस. भूकंपाचं काही लिहिलंय का कुठे?" मी म्हटले, "नाही. तसं काही नसतं." तिने मान हलवली. २०१९ साली ती गेली.

आज वाटते, मी तिला खरे सांगायला हवे होते. फक्त पूर्ण सांगायला हवे होते. हा आजार आयुष्यात शंभरात एकाच्या आसपास माणसांना होतो. एखाद्या संकटाने तो धोका दुप्पट झाला असे धरले, तरी शंभरातली अठ्ठ्याण्णव मुले ठीकच राहतात. त्या पहाटे पाटण आणि कऱ्हाडच्या मुलखात किती गर्भार बायका असतील! त्यांची बहुतेक मुले आज पंचावन्न-साठीची, नातवंडांना शाळेत सोडणारी माणसे आहेत. भूकंपाचे एक कारण खरे असेलही, पण दादाच्या बाबतीत ते खरे आहे की नाही हे कोणताही अभ्यास सांगू शकत नाही, जसे त्याच्या फिल्मवरून त्याचा आजार सांगता येत नाही. हजारो मेंदूंच्या बेरजेतून निघालेले सत्य एका घरात आणून ठेवले की ते आईला दोषीही ठरवत नाही आणि निर्दोषही ठरवत नाही. आम्ही मात्र वर्षानुवर्षे त्या एका पाकिटाकडून दोन्हीपैकी एकाची अपेक्षा करत राहिलो, आणि तिची निर्दोषता चित्रावाचूनही तिला सांगता आली असती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. भिंत कोसळल्यावर पोटातल्या मुलाला जपत थंडीत उघड्यावर बसलेल्या मुलीला निर्दोष ठरवण्यासाठी एमआरआय कशाला हवा होता?

आई गेल्यानंतर कपाट आवरताना पाकीट दादाच्या हाती लागले. त्याने फिल्म बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. एकेका चौकोनाकडे निरखून पाहत त्याने विचारले, "हे कोणाचं?"

"तुझंच की."

"चांगलं दिसतंय," तो म्हणाला. मग फिल्म परत पाकिटात घालून त्याने ते होते तिथेच ठेवले, आणि संध्याकाळच्या फिरण्याची वेळ झाली म्हणून चपला घालून बाहेर पडला.